मंगळवारचं दुखणं

लेकीच्या दम्याचा फॉर्म भरून एक आई शाळेतल्या नर्सबाईंच्या खोलीबाहेर बसली होती. आत तिसरीतली एक मुलगी गेली. दार उघडंच होतं.

“काय होतंय गं?”

“पोट दुखत होतं. शुक्रवारी.”

“मग आज कशाला आलीस?”

“तुम्ही मंगळवारीच असता ना.”

“काय करू बाई, पाच दिवसांत पाच शाळा आणि मी एकटी. आता दुखतंय का?”

“नाही. पण या शुक्रवारी गणिताची परीक्षा आहे. तेव्हाचं औषध आजच देऊन ठेवा.”

“पळ वर्गात. या ताई, फॉर्म बघू. मुलीला धाप कधी लागते?”

“आत्तापर्यंत केव्हाही लागायची. आता मंगळवारची सवय लावते.”