कोबीच्या सुपाचा विनोद

"पोटचा पोरगा, आणि माझ्या कोबीच्या सुपावर विनोद लिहितो!" मॅनहॅटनमधल्या टीव्ही स्टुडिओबाहेर रांगेत ब्रोनियाबाई पुढच्या बाईला सांगत होत्या. "आज रात्री अख्खा देश ऐकणार!"

"पण आत्ता दुपारच्या तालमीत आपण हसलो नाही, तर तो विनोद गाळतात म्हणे."

"म्हणून तर आलेय. तोंडाला कुलूप!"

तेवढ्यात लेक धावत आला. "आई, तू? हसशील ना गं? तीन आठवडे माझा एकही विनोद कार्यक्रमात घेतला नाही. आज गळला तर नोकरी गेलीच."

"वाच बघू."

"आईच्या सुपाच्या वासाने शेजारी घर विकून पळाले."

"अळणी आहे रे, काझिक! पळताना आईने त्यांना डबाही बांधून दिला, असं लिही. मग पहिली मी हसते."