न संपणारा रोल

आमचं गाव कणकवलीजवळ, डोंगराच्या पायथ्याला. वडील लवकर गेले. दादा माझ्याहून चार वर्षांनी मोठा, तो चौदाव्या वर्षी मुंबईला आला आणि गिरणीत लागला, आणि मला म्हणाला, वश्या, तू शाळा सोडायची नाय. मी नाही सोडली. कणकवलीला मॅट्रिक झालो, मग दादानं मुंबईला आणलं, लालबागला गाववाल्यांची खोली होती, वीस माणसं एका खोलीत, त्यातल्या एका कोपऱ्यात बसून मी अभ्यास करायचो आणि कुणी मोठ्यानं बोललं तर दादा त्याला बाहेर काढायचा. मी बी. एस्सी. झालो. आमच्या वाडीतला पहिला. पेढे दादानं वाटले, मी नाही.

मग म्युनिसिपालिटीच्या इस्पितळात एक्स-रे काढायला लागलो. तीस वर्षं तेच काम. काय सांगू तुम्हाला, किती माणसांची आतली हाडं बघितली असतील, चेहरे मात्र लक्षात नाहीत. दादाचाही एकदा काढला होता, छातीचा. गिरणीत कापसाची धूळ, ती सगळी आत बसलेली. डॉक्टर म्हणाले, जपा यांना. मी ती फिल्म घरी आणली आणि कपाटात कपड्यांखाली ठेवली, दादाला म्हटलं, ठीक आहे सगळं.

मी रिटायर झालो तेव्हा आमच्या खात्यातल्या मंडळींनी मला कॅमेरा दिला. म्हणाले, आता माणसांचे बाहेरून फोटो काढा. मुलुंडला आमची तळमजल्याची जागा, दोन खोल्या, मी, बायको निर्मला आणि मुलगी अलका. मी त्यांना उभं करायचो आणि सवयीनं म्हणायचो, श्वास धरा. अलका म्हणायची, बाबा, हे काय इस्पितळ आहे?

त्याआधी दीड-दोन वर्षं दादाची गिरणी संपात बंद पडली होती, ती पुन्हा उघडली नाही. खोलीतले लोक एकेक करून गावाला गेले. वहिनी आधीच वारलेल्या, मूलबाळ नाही. एक दिवस दादा ट्रंक घेऊन आमच्या दारात उभा, म्हणाला, चार दिवस रवतंय. चार दिवसांचा महिना झाला. गॅलरीत बसायचा, जेवताना दुसऱ्यांदा भात घ्यायचा नाही. निर्मला म्हणायची, भावोजी, घ्या की, तुमच्या हक्काचं आहे. तो म्हणायचा, पोट भरला. एका सकाळी म्हणाला, वश्या, मी आता गावाक जातंय, हंय बसान काय करू?

गावाला घर बंद पडलेलं. डॉक्टर म्हणाल तर दोन तासांच्या वाटेवर. आणि ती छाती. मला ते सगळं दिसत होतं, पण नको जाऊस हे माझ्या तोंडातून येईना. दादाला सांगणारा मी कोण? आयुष्यभर त्यानं सांगितलं आणि मी ऐकलं. मग मला काय सुचलं बघा, मी म्हटलं, दादा, आपल्या सगळ्यांचा एक फोटो काढू, गावच्या भिंतीवर लाव, तो घेऊनच जा. तो म्हणाला, बरा. शेजारच्या शहांना कॅमेरा देऊन तेव्हाच काढला. मग मी सांगितलं, रोल छत्तीस फोटोंचा, पूर्ण संपल्याशिवाय धुवायला देता येत नाही.

तिथून मी हळू काढायला लागलो. पंधरा दिवसांतून एक, फार तर दोन. निर्मलाला आतून ठाऊक होतं, ती म्हणायची, घाई करू नका, नीट बघून काढा. अलकानं एकदा मैत्रिणींचे चार फोटो एका दुपारी काढले तर मी तिच्यावर असा ओरडलो की पोरगी दोन दिवस बोलली नाही, मग आईनं तिला समजावलं.

दादा विचारायचा, रोल कधी संपतलो रे तुझो? आणि वाट बघता बघता तो मागच्या बाजूला गेला. इमारत आणि कंपाउंड यांच्यामध्ये पाच फुटांची पट्टी, फुटक्या लाद्या, सिमेंटचे गोळे, सगळा उकिरडा. त्यानं ती साफ केली. अळू लावलं, काथ्या बांधून पडवळ चढवलं, तोंडलीचा वेल. मग तोच मला सांगायला लागला, आज नको, पडवळ अजून लांब होऊ दे, मगे काढ. मी म्हणायचो, बरं दादा. असे पडवळाचे किती काढले म्हणून सांगू, वीतभर झालं तेव्हा, हातभर झालं तेव्हा, शेजारच्या शहांच्या सुनेनं कौतुकानं हातात धरलं तेव्हा. जेवताना तो आता भात मागून घ्यायचा.

दहा महिने गेले. एका रविवारी छत्तिसावा फोटो काढला. दादा आत गेला आणि ट्रंक पुसायला लागला. मी रोल पुढे सरकवायची लिव्हर ओढली, रोल संपल्यावर ती अडायला हवी होती, अडली नाही. सदतीस. अडतीस. चाळीस. मागचं झाकण उघडलं तर रोल जसाच्या तसा डबीत. कॅमेरा मिळाला त्या दिवशी मीच तो घातला होता, त्याचं टोक चाकात अडकलंच नव्हतं. इस्पितळात एका वेळी एकच फिल्म खोक्यात घालायची, गुंडाळी मी जन्मात हाताळली नव्हती, आणि विचारायला लाज, बी. एस्सी. ना आपण.

आत जाऊन सांगितलं, दादा, एकही फोटो आला नाही.

एकय नाय?

एकही नाही.

तो जो हसला, खोकला येईपर्यंत हसला, निर्मला पाणी घेऊन धावली. म्हणाला, बघ गो, आणि ह्याका मी बी. एस्सी. केलंय. मी म्हटलं, आता दुसरा रोल घालतो, तो संपेपर्यंत. तसा त्याचा चेहरा बदलला. म्हणाला, वश्या, माका काय कळणा नाय? लग्नातलो फोटोवालो तासात रोल संपयता. तुका दहा म्हयने लागले. मी म्हटला, बघूया कधी बोलता. तोंडान सांगूक काय झाला तुका, रव म्हणान?

बघा, साठीला आलेला माणूस मी, भिंतीला टेकून उभा, कॅमेऱ्याचं झाकण उघडझाक करत. अलका मागून म्हणाली, बाबा, बोला ना. मग बोललो. दादा, तू राहा. जाऊ नकोस. मला तू इथे पाहिजेस.

त्यानं ट्रंकेची कडी लावली. मग म्हणाला, बरा. ही माळ्यार टाक.

त्याला चार वर्षं झाली. थंडीत धाप लागते, पंप घेतो, आता त्याला छातीचं सगळं सांगितलंय, तो म्हणाला, तुझ्या कपाटातली फिल्म मी कधीच बघितलेली. कुणाची किती वर्षं राहिलीत ते वर बसलेल्याला ठाऊक, मी हिशेब करत नाही. मुलुंडच्या बाजाराला दोघं मिळून जातो, एवढं चालतंय तोवर पुरे.

ती पिशवी तुमच्यासाठी आहे, तुम्ही येणार म्हणून त्यानं सकाळीच तोंडली तोडून ठेवलीत. नको म्हणू नका. जन्मभर देत आलेला माणूस तो, गिरणी बंद पडल्यावरची मधली दोन-तीन वर्षंच काय ते हात रिकामे होते.