सगळ्यांचंच कमी असतं

...देतो की, व्हिटॅमिन डीच्या गोळ्याच ना, देतो — पण कोणासाठी ते सांगा आधी. वडिलांना? चार दिवस ताप, खोकला? मग ऐका, आजच्या गोळीने आजचा ताप उतरत नाही. तहान लागल्यावर विहीर खणण्यातला प्रकार तो. हे अंगात आधीपासून असावं लागतं. ज्यांच्यात फारच कमी, त्यांनी रोज थोडं थोडं घेतलं, तर असले विषाणूचे ताप जरा कमी होतात म्हणे — जराच हं, कवचकुंडलं नव्हेत ती.

मला कसं माहीत? अहो, वीस वर्षं या काउंटरमागे उभा आहे. आणि माझी ताई — थोरली बहीण माझी — हॉटेलच्या तळघरात चादरी धुवायची. मोठाली मशीनं, ट्यूबलाइट, खिडकी एक नाही. उजाडायच्या आत कामावर, अंधार पडल्यावर घरी. ऊन कसलं दिसतंय! पाठ दुखते म्हणून रक्त तपासलं, तर डी आठ. वीस तरी हवं. रिपोर्ट घेऊन इथंच आली, तुम्ही उभे आहात ना, तिथंच. "बघ रे, काळजीचं काही नाही ना?" गर्दी होती हो. मी म्हटलं, "अगं, हल्ली सगळ्यांचंच कमी असतं." हसली, कागद पर्समध्ये टाकला, गेली. गोळ्यांचा डबा माझ्या पाठीमागेच होता — नुसता हात मागे न्यायचा होता.

दोन महिन्यांनी फ्लू. छातीत उतरला, पाचव्या दिवशी ऑक्सिजन. डॉक्टरांना विचारलं, गोळ्या दिल्या असत्या तर? म्हणाले, "सांगता येत नाही." हो म्हणाले असते तर रडलो असतो, नाही म्हणाले असते तर झोप तरी लागली असती. सांगता येत नाही म्हणे! नवव्या दिवशी गेली. आई अजून चारचौघांत सांगते, भाऊ औषधांच्या दुकानात, पोरीला काही कमी पडू दिलं नाही त्यानं. तो रिपोर्ट आईला मी — जाऊ दे. तुम्हाला कशाला सांगत बसलोय मी!

घ्या. जेवणानंतर रोज एक, मनानं जास्त नाही. आणि बरे झाले की रक्त — काय म्हणालात? धाप लागते? जिना चढताना? बसल्या जागी? अहो, मग... ठेवा, ठेवा त्या गोळ्या! गाडी करा, आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्या त्यांना. माझ्याकडे काय बघताय? निघा!