भामाचं चालणं

(१९६१. पनवेलचा एक दवाखाना. संधिवातावर स्टेरॉइडची गोळी घेणाऱ्या जुन्या रुग्णांना तपासायला मुंबईहून डॉक्टर आले आहेत. समोर बेलपाड्याची भामा आणि तिचा नवरा काळूराम.)

डॉक्टर : म्हणजे गोळी बंदच केलीस? कुणाला न विचारता?

भामा : हां. तोंड फुगलं, पाठीचं हाड गेलं. म्हटलं, नकोच ती.

काळूराम : दोन दिवसांत उठता येईना तिला. ताप, उलट्या. परसाकडंला पण मीच उचलून नेली. मग मीच गोळी तोंडात कोंबली.

डॉक्टर : बरं केलंत. एकदम सोडली तर जीव जाऊ शकतो.

भामा : आणि चालू ठेवली तर?

डॉक्टर : हा एक्स-रे बघ. तुझा मणका. इथं दबलाय. हाडं आतून पोकळ होतायत.

काळूराम : मिठाची पाटी उचलली हो तिनं, तवा कडकन वाजलं.

भामा : पाटी नव्हती. कळशी होती. रिकामी.

डॉक्टर : गोळी हळूहळू कमी करू. सांधे परत सुजतील, दुखेल. पण हाडं कदाचित टिकतील.

भामा : पुरी सुटंल कधी?

डॉक्टर : बहुतेक नाही सुटणार.

भामा : म्हंजे हिकडनं पण बंद, तिकडनं पण बंद.

काळूराम : कमी नका करू, डॉक्टर. पाया पडतो. गोळीच्या आधी हिची बोटं मुठीत गेलेली. पोरगी रडायची, हिला उचलता यायचं नाय. भाऊबंद म्हणायचे, दुसरी कर. मी मिठागरावरनं येऊन भात शिजवायचो.

भामा : मना भरवायचात. विसरले नाय मी. तुमाला ते परत नको, ठावं हाय.

काळूराम : कामाचं नाय गं. तू ओरडायचीस ना, तवा मी बाहेर जाऊन बसायचो. ते नको.

भामा : डॉक्टर, आपटा गावची चंद्रावती कुठं हाय? मुंबईच्या इस्पितळात माज्या बाजूच्या खाटेवर होती ती.

डॉक्टर : गेली. पोटात जखम झाली, रक्त गेलं.

भामा : गोळीनं?

डॉक्टर : तसंच दिसतं.

भामा : गोळीनं बरं वाटल्यावर तुमी आमाला तिथल्या हॉलात नेलेलं. सगळे मोठे डॉक्टर बसलेले. म्हणालात, भामा, चालून दाखव. मी चालले. चंद्रावती पण चालली. केवढ्या टाळ्या वाजवल्या त्यांनी!

डॉक्टर : मीही वाजवल्या. वाटलं, आजार हरला.

भामा : ते मोठे डॉक्टर अजून गोळी देतात?

डॉक्टर : देतात. सढळ हातानं.

भामा : नव्या बायांना पुढचं सांगतात?

डॉक्टर : पुढचं त्यांनी पाहिलंच नाही. रुग्ण घरी गेला की संपलं. म्हणून तर मी तुम्हाला गावोगाव शोधतोय. पुढच्या महिन्यात त्याच हॉलात डॉक्टरांची सभा आहे. गोळीनं पुढं काय झालं, त्याचे आकडे मी मांडणार आहे.

भामा : आकड्यांनी काय होतंय? मना न्या.

काळूराम : येडी झालीस? ह्या कमरेनं? लोक बघत राहतील.

भामा : तवा बघितलंच ना?

डॉक्टर : मग गोळी सभेनंतर कमी करू. तोवर जरा बरी राहशील.

भामा : नको. आजपासनं करा. जशी असेन तशी येईन.

डॉक्टर : तिथं पायऱ्या आहेत, भामा.

काळूराम : मी धरीन तिला.

भामा : पायऱ्यांवर धरा. आत गेल्यावर सोडा.