पाच फूट एक इंचाची लाल रेघ

आजच्या समारंभाचे आणि आपल्या संस्थेचेही अध्यक्ष माननीय विश्वंभरराव, मुख्याध्यापक महोदय, माझ्या शेजारीच बसलेले क्रीडाशिक्षक माणिकराव सर, व्यासपीठावरचे इतर मान्यवर, माझे सहकारी, सेनगावहून आणि तांड्यांवरून कामधंदा सोडून आलेले पालक, आणि सतरंजीवर चुळबुळ करून राहिलेल्या माझ्या लेकरांनो,

शाल मिळाली, घड्याळ मिळालं, सहा भाषणं झाली. सहाही वक्त्यांनी मला प्रेमळ म्हटलं. एकतीस वर्षं या शाळेत गणित शिकवलं, तेव्हा कुणाला मी प्रेमळ वाटले नाही. आजच काहून वाटले? सत्काराला दोन शब्दांत उत्तर द्या असं मला सांगितलंय. दोन शब्दांत माझं भागणार नाही, आणि ते गोडही नसतील. ज्यांना जेवणाची घाई असेल त्यांनी खुशाल उठावं, मला राग येणार नाही.

आत्ता माणिकराव सरांनी आपल्या भाषणात त्या खांबाचं फार कौतुक केलं. पाहुण्यांना माहीत नसेल म्हणून सांगते. क्रीडाखोलीबाहेरच्या व्हरांड्यातल्या खांबावर सरांनी फूट-इंच रंगवून घेतलेत. पाच फूट एक इंचावर लाल रेघ आहे. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या पोरी दर सोमवारी तिथं अनवाणी उभ्या राहतात. जिचं डोकं रेघेला लागलं तिच्यासाठी सगळं मैदान टाळ्या वाजवतं. तीन वर्षांपूर्वी अध्यक्षसाहेबांनी नारळ फोडला नाही, पण फीत कापून त्या खांबाचं उद्घाटन केलं होतं. खांबाचं! हसू नका, मीही तेव्हा टाळ्या वाजवल्या होत्या.

टाळ्या वाजवून झाल्यावर मी स्टाफरूममध्ये एवढंच म्हणाले की शेजारी सेंटिमीटरही लिहा, भरतीची अट सेंटिमीटरमध्ये असते. झालं! सरांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. म्हणाले, "मॅडम, सोयरीक जमवायला आलेला पाव्हणा पोरीची उंची सेंटिमीटरात विचारतो का? बोअर किती फुटांवर लागला म्हणता, का मीटरवर? शेत एकरातच सांगता ना? फूट माणसाच्या अंगावरून आलाय. तुमचा सेंटिमीटर पुस्तकातून आलाय."

खरं सांगू? बोलणं बिनतोड होतं. आपला सगळा कारभारच खिचडीचा आहे. कापड मीटरनं घेतो आणि कंबर इंचात सांगतो. सातबारा हेक्टरमध्ये, भांडण गुंठ्यात. हिंगोलीचा रस्ता किलोमीटरमध्ये आणि रस्त्यालगतचा प्लॉट स्क्वेअर फुटात. चालतं, कारण तिथं बोटभर इकडं-तिकडं झालं तरी कुणाचं बिघडत नाही. पण जिथं बिघडतं तिथं काय? हा माझा प्रश्न होता. त्यावर अध्यक्षसाहेब म्हणाले, "मॅडम, लेकरांना उगं भेव घालू नका." आणि सगळे हसले. मुख्याध्यापक महोदय, तुम्हीही हसलात. मला बराबर आठवतंय.

आता फळ्याशिवाय गणित ऐका. एक इंच म्हणजे दोन पॉइंट चोपन्न सेंटिमीटर. पाच फूट एक इंच म्हणजे एकसष्ट इंच. गुणाकार करा. एकशे चोपन्न पॉइंट चौऱ्याण्णव येतात. पोरींसाठी अट आहे एकशे पंचावन्नची. म्हणजे त्या लाल रेघेला डोकं टेकलेली पोरगी पास नाही, नापास आहे! सातवीचं गणित आहे हे. सरांना कुणीतरी सांगितलं, "पाच-एक लागते", आणि त्यांनी ते रंगानं खांबावर पक्कं केलं. उचलली जीभ, लावली टाळ्याला. अन् संस्थेनं त्याला फीत बांधली.

समोर पहिल्या रांगेत मिराबाई बसल्यात. शेजारच्या तांड्यावरच्या. त्यांची निलम आपल्याच शाळेची. बारावी झाली, नांदेडला नर्सिंगला नंबर लागला, तरी ती गेली नाही. वर्दीच घालायची म्हणाली. दोन वर्षं याच मैदानावर रोज पळाली. ज्या सोमवारी तिचं डोकं रेघेला लागलं, त्या दिवशी तांड्यात लापशी शिजली. मला वाटी आली होती. मीही खाल्ली.

मागच्या वर्षी ती भरतीला हिंगोलीच्या मैदानावर गेली. तिथं पोरी काय करतात ठाऊक आहे? ज्यांची उंची काठावर असते त्या मापाची वेळ येईपर्यंत सतरंजीवर सरळ आडव्या पडून राहतात. माणूस दिवसभर उभा राहिला, ओझं वाहिलं, की थोडा दबतो, अन् पडून राहिला की तेवढा भरून निघतो. त्या पोरींना काही खूळ लागलेलं नाही. त्या आडव्या पडल्या होत्या. आणि आमची निलम? तिला सरांनी सांगितलं होतं, "तू तर पासच हायेस." म्हणून ती सकाळपासून उभी. आडव्या पडलेल्या पोरींच्या पिशव्या खांद्याला अडकवून, त्यांच्यासाठी रांग धरून उभी. त्यांना पाणी आणून देत होती.

एकशे चोपन्न पॉइंट सहा. चार मिलिमीटर कमी. मोजणाऱ्यांचा काडीचा दोष नाही. त्यांनी चोख मोजलं, दोनदा मोजलं. ती ज्यांच्या पिशव्या सांभाळत होती त्यांतल्या दोघी उंचीत पास झाल्या. तिला धावायलाही मिळालं नाही. दोन वर्षं पळालेल्या पोरीला एक पाऊल पळू न देता घरी पाठवलं, आणि ते नियमाला धरून होतं.

दुसऱ्या दिवशी मिराबाई शाळेत आल्या. सर, तुम्ही तेव्हा कुठल्याशा स्पर्धेला गेला होता म्हणे. मिराबाई मला म्हणाल्या, "मॅडम, घरून निघाली तवा लेक बराबर भरत होती. तिथं जाऊन कमी काहून झाली?"

याचं उत्तर कोण देणार? अध्यक्षसाहेब, तुम्ही द्याल? तुमचा खांब आहे. माणिकराव सर, घड्याळ काय पाहता, इकडं पाहा. अजून आठ पोरी दर सोमवारी त्या रेघेखाली उभ्या राहतात आणि तुम्ही अजून टाळ्या वाजवायला लावता. वर्ष झालं, ती रेघ पुसायला एक डबा चुना मिळाला नाही तुम्हाला?

हो, मी कडू बोलून राहिले. पण कडू बोलायची मला सवय आहे, आणि त्या सवयीनंच घात केलाय. तो सांगायचा राहिलाय. आजवर नवऱ्यालाही सांगितलेला नाही.

भरतीच्या आठ दिवस आधी निलम मला जिन्यात भेटली होती. हातात फॉर्म होता. म्हणाली, "मॅडम, हितं सेंटिमीटर लिवलंय. पाच-एक म्हंजी त्यात भरतंय ना?"

स्टाफरूममधलं ते हसू माझ्या कानात होतं. त्या खांबाबद्दल पुन्हा तोंड उघडायचं नाही अशी मी शपथच घेतली होती. मी तिला म्हणाले, "खांब कुणी रंगवलाय? जा, त्यांनाच विचार." आणि जिना उतरून गेले. एका गुणाकाराचं काम होतं. जिन्यात उभ्या उभ्या तोंडी झाला असता. तो मी केला नाही. सरांना गणित येत नव्हतं. मला येत होतं.

निलम आज आली नाही. हिंगोलीला कापडाच्या दुकानात असते. पुढच्या भरतीचा फॉर्म भर म्हणून मी दोनदा निरोप धाडला. "आता न्हाई," एवढंच कळवलं तिनं.

असो. समारंभ देखणा केलात, मंडप घातलात, माझ्यासारखीला एवढा वेळ ऐकून घेतलंत, त्याबद्दल आपणा सर्वांची मी मनापासून ऋणी आहे. बोलण्यात कुणाचा मान राखायचा राहिला असेल तर ती माझी सवय समजून पोटात घाला. पण जिन्यातली चूक पोटात घालायचा हक्क या व्यासपीठाला नाही.

मघाशी दारात मिराबाईंनी मला थांबवलं. म्हणाल्या, "मॅडम, त्या खांबापायी तुमी माझ्या लेकीसाठी लई भांडल्या म्हणं. कार्यक्रम झाला की तुमची ओटी भरायची हाय. खण आणलाय." मिराबाई, आता तुम्ही सगळं ऐकलंत. मी खाली येते. ओटी भरायची का नाही, ते तुम्ही ठरवा.