रामधनभाऊच्या वाटा

या, समोर या. मागं उभं राहू नका. शाळेचा हॉल हाय, बाकं लहान लेकराईची हायेत, जराक अडचण होईन. पण भाऊच्या माणसाईले अडचणीच्या जागी टेकायची सवय हाय.

राम राम सगळ्याईले. मी सुनंदा ढोके. पांढरकवड्याले हायवेवर माहं दुकान हाय. ट्रकच्या ताडपत्र्या अन् सीटकव्हर शिवते. मले भाषण येत नाही. काल कागद घेऊन बसली, पाचदा लिहून पाह्यलं, अन् पाचही वेळा एकच ओळ आली. रामधनभाऊ गेले. त्याच्या पुढं पेन सरकेच ना. म्हणून कागद घरी ठेवून आली. जे आठवन ते सांगते. चुकलं तं भाऊच्या घरच्या कमलावहिनी समोरच बसल्या हायेत, त्या दुरुस्त करतीन.

पहिले एक गोष्ट साफ सांगते. रामधनभाऊ कड्यावरून पडले नाहीत. बसस्टँडवर, चहाच्या टपरीवर, सगळीकडं तेच ऐकून राह्यली मी. तो दगडं चढणारा रामधन राठोड पडला म्हणे. नाही. भाऊ सकाळी घरी बाजेवर बसले होते. चहा झालता. दोर मांडीवर घेऊन हातभर हातभर तपासून राह्यले होते. छातीत कळ आली अन् गेले. गाडी येईपर्यंत बी थांबले नाहीत. कोणी विचारलं तं हेच सांगा. भाऊ पडले हे ऐकून त्याईले मरणापेक्षा जास्त राग आला असता.

काहून का, भाऊसारखा भेकड माणूस मी पाह्यला नाही. हसा, हसा, खरं सांगून राह्यली. दगडात दोर अडकवायचा बोल्ट ठोकला का पहिले स्वतः त्याच्यावर लटकायचे. मग दोन पोट्ट्याईले सोबत लटकवायचे. मग रात्रभर ठेवून दुसऱ्या दिवशी परत लटकायचे. म्हणत, "मी लाईनमन हावो. लाईनमन दोनच प्रकारचे असतात, भेकड अन् मेलेले."

जे बाहेरगावावरून आले त्याईच्यासाठी सांगते. भाऊ वीजखात्यात लाईनमन होते. मुकुटबनच्या रस्त्याले त्याईचा तांडा. तांड्याच्या मागं आपला कडा. एक डाव बाहेरून कॉलेजचे पोरं तठी दोर लावून चढाले आले. भाऊ त्याच वेळी खांबावर होते. खांबावरूनच दोन तास पाहत राह्यले. गावातली लाईन बंद, लोकं खालून बोंबलून राह्यले, अन् हे खांबावर बसून तमाशा पाहून राह्यले. मग उतरले ते थेट त्या पोराईकडं गेले, अन् विचारलं, इतका मोठा कडा हाय, तुम्ही एकाच जागेवरून काहून चढता? पोरं म्हणाले, दुसरीकडून वाट नाही काका. भाऊ म्हणाले, नाही म्हणजे? करावी लागते ना.

झालं. तवापासून सुट्टीचा एक दिवस बी माणूस घरी बसला नाही. वाट करायची म्हणजे काय ते सांगते. वरून दोरावर उतरायचं, झाडोरा काढायचा, हलते दगड पाडायचे, हात कुठं पुरन पाय कुठं टेकन ते पाह्यचं, मग भोकं पाडून बोल्ट ठोकायचे. दुसऱ्या माणसानं बिनघोर चढावं म्हणून. आज आपण जेवढ्या वाटांवर चढतो त्यातल्या बहुतेक भाऊच्या. किती ते त्याईले बी सांगता येत नव्हतं.

माहं अन् त्याईचं नातं पिशवीपासून जुळलं. दुकानावर आले. म्हणे, ताडपत्रीची एक पिशवी शिव, कमरेले बांधायची, सहा कप्पे पाह्यजे, अन् उलटी झाली तरी काही सांडलं नाही पाह्यजे. म्या विचारलं, कायले? म्हणे, दगडाले भोकं पाडायले. मले वाटलं बिचारा कामाच्या तापानं बिघडला. पण पिशवी शिवली. आठ दिवसांनी परत आले, म्हणे पिशवी चांगली हाय, पण ती कुठं वापरतो ते पाह्यल्याशिवाय तुले पुढची शिवता येणार नाही. चल.

गेली. माह्या घरच्याईनं दुकानाच्या पायरीवर उभं राहून हसत निरोप देल्ला. त्या दिवशी मी बारा फूट चढली अन् तठी रडली. खाली बी येता येईना, वर बी जाता येईना. भाऊ खालून शांत आवाजात बोलत राह्यले. डावा पाय बोटभर उचल. आता श्वास घे. आता शिवी दे. कोणालेही दे, मले दे. म्या देल्ली. मग पाय हलला.

पुढच्या रविवारी जाऊन पाहते तं त्या वाटेच्या बुडाशी पांढऱ्या रंगानं नाव लिहिलेलं. "सुनंदा रडली."

भाऊ वाटांची नावं अशीच ठेवत. "भाजीत मीठ नाही" नावाची वाट हाय. "साहेब आले" हाय. "सासऱ्याची उडी" हाय, ते सासरे आज इथं बसले हायेत म्हणून जास्त बोलत नाही. पण माह्या नावावरून मी भांडली. चार महिने भांडली. शेवटी भाऊ म्हणाले, बरं, न रडता चढून दाखव, नाव बदलतो. पावसाळा मधात गेला, हिवाळा लागला, अन् एका दिवशी मी चढली. वर पोचली. खाली उतरून पाहते तं भाऊ रंगाचा डबा घेऊन तयारच होते. पूर्ण नाव कायले पुसायचं, म्हणाले. अन् शेवटी एकच शब्द जोडला. "सुनंदा रडली नाही."

आता एक गोष्ट सांगते ते गमतीची नाही. पण ते सांगितल्याशिवाय भाऊ पुरे होत नाहीत.

कड्याच्या मधोमध तांबडा पट्टा हाय, सगळ्याईले माहीत हाय. खालपासून वरपर्यंत सरळ. त्याच्यावर भाऊचा जीव होता. दोन उन्हाळे त्याईनं तठी काम केलं, अन् दोन्ही उन्हाळे, भाऊ सुटले तं लटकून राहावे म्हणून, त्याईचा दोर खालून म्या धरला. माहे तळहात सोलले होते. अर्ध्याच्या वर वाट झालती. नागपूरचे पोरं येऊन पाहून गेले, म्हणाले ही वाट झाली तं पूर्ण देशातून लोकं येतीन. भाऊले घाई झाली. त्या पट्ट्यावर एरवी उन्हाळ्यातच काम करणारा माणूस, त्या वर्षी पावसाळा सरल्यासरल्याच ड्रिल घेऊन चढला.

अन् त्याच दिवसांत तठी आग्या मोहोळ बसत असते. वर्षानुवर्षं बसते. कड्याखालच्या कोलामाईच्या पोडावरचे, वस्तीवरचे लोकं त्याचं मध काढतात. त्या वर्षी माशा आल्या, चार दिवस घोंगावल्या, अन् निघून गेल्या.

पोडावरचे टेकामबाबा आले. हे काय, समोरच बसले हायेत. बाबा भांडले नाहीत. भांडले असते तं बरं झालं असतं. कड्याखाली आमच्याजवळ येऊन बसले, तंबाखू मळली, भाऊले बी देल्ली. मग म्हणाले, "माह्या आज्यानं माशा पाह्यल्या, बापानं पाह्यल्या, म्या पाह्यल्या. नातवाले काय दाखवू, तुहे खिळे?"

भाऊ मान वर करून पट्ट्याकडं पाहत राह्यले.

पोरं बोलले. लय बोलले. कडा कोणाच्या बापाचा हाय का, माशा दुसरीकडं बसतीन, आता कायले सोडायचं. खोटं कायले सांगू, मी बी त्याईच्यातच होती. दोन उन्हाळ्याचे माहे हात होते त्याच्यात. म्या भाऊले म्हटलं, तुम्ही आता माघार घेतली तं मी तुमचा दोर परत धरणार नाही.

भाऊ म्हणाले, नको धरू.

दुसऱ्या दिवशी एकटे गेले. एकट्यानं, स्वतःचा दोर स्वतः बांधून. ठोकलेला एकेक बोल्ट काढला. दगडाचा भुगा चिकटवून एकेक भोक बुजवलं. पाच दिवस लागले. चौथ्या दिवशी माह्यानं राहवलं नाही. गेली, दोर हातात घेतला. वरून भाऊ म्हणाले, कोण हाय? म्या म्हटलं, कोणी नाही. म्हणाले, बरं, कोणी नाही तं कोणी नाही, पण नीट धर.

उतरल्यावर म्या विचारलं, भाऊ, वाईट नाही वाटत? ते म्हणाले, "लय वाटते. पण आपण वाटा कायले करतो सुनंदा? कोणाले तरी वर जाता यावं म्हणून. कोणाची वाट मोडून कशी करावी?"

पुढच्या वर्षी माशा आल्या. टेकामबाबानं मधाचा डबा घेऊन भाऊचं घर गाठलं. अन् बसल्या बसल्या म्हणाले, तुले दगडच पाह्यजे ना, मग त्या एकाच दगडाले काहून धरून बसला, जंगलात आत चल. दीड तास चालवत नेलं. अन् नाल्याच्या वळणावर थांबून बोट वर केलं. तठी तो दुसरा कडा होता, जो आमच्यापैकी कोणी कधी पाह्यला नव्हता. आपल्या अर्ध्या वाटा आज त्याच कड्यावर हायेत. त्या दिवशी भाऊ लहान लेकरासारखे दगडाले हात लावत इकडून तिकडं पळत होते, अन् बाबा बाजूले बसून हसून राह्यले होते. अजूनही हसून राह्यले. पाहा.

आता शेवटचं सांगते. वहिनी, रागावू नका, सांगते.

कमलावहिनी इतक्या वर्षांत एकदाही कड्यावर आल्या नाहीत. घरामागं दहा मिनिटावर कडा, पण नाही. म्हणत, ती माही सवत हाय, तिच्या दारात मी कायले जाऊ? परवा सकाळी त्या आपणहून आल्या. आम्ही पाच-सहा जण तठी नुसते बसून होतो, चढायचं मन कोणाचंच नव्हतं. म्हणाल्या, मले बांधा. पाहू द्या काय होतं हिच्यात.

मग म्या उठून चढायचा पट्टा त्याईच्या कमरेले बांधला. लुगड्यावरून, नीट, दोनदा तपासून. सगळ्यात सोपी वाट देल्ली, ज्याच्यावर शाळेची लेकरं चढतात. वहिनी चढल्या. वय विचारू नका, पण अशा चढल्या का आमचे पोरं तोंडात बोट घालून पाहत राह्यले. वरच्या कट्ट्यावर पोचल्या, दगडाले पाठ टेकून वळल्या, अन् थांबल्या. मले वाटलं, घाबरल्या. म्या खालून म्हटलं, वहिनी, श्वास घ्या.

वरून हसण्याचा आवाज आला. रडणं बी होतं त्याच्यात, पण हसणं जास्त. म्हणाल्या, "अठून माही चूल दिसते वो!"

उतरल्यावर सांगत होत्या. जन्मभर त्याईले एक कोडं होतं. भाऊजवळ घड्याळ नसे, फोन कड्याखाली पिशवीत. तरी पहिली भाकर तव्यावरून उतरली का माणूस दारात हजर. दर सुट्टीले. त्या म्हणत, याचं नाक कुत्र्याचं हाय. परवा त्याईले समजलं. चुलीचा धूर निघाला का भाऊ वरून पाहत अन् उतरायले लागत. म्हणजे वहिनी इकडं समजत होत्या का नवरा सवतीकडं तोंड करून बसला हाय, अन् तो तं पाठ टेकून घराकडं पाहत बसला होता.

बस. मले याच्यापेक्षा जास्त येत नाही.

आता सगळे उभे राहू. हात जोडले नाहीत तरी चालन. खिडकीतून कडा दिसते, तिकडं पाहू, अन् जराक वेळ कोणी काही बोलू नका. मग वहिनीनं सगळ्याईसाठी जेवण केलं हाय, उपाशी कोणी जायचं नाही.

भाऊ, राम राम. दोर आम्ही धरला हाय. सावकाश जा.