टेबलावरची चावी

तुला सांगते, पूर्णा गावातल्या आमच्या गोडाऊनमध्ये बायकांच्या संडासाला कुलूप होतं आणि चावी सुपरवायझरच्या टेबलावर. चार पुरुषांसमोर ती मागायची कोणी? म्हणून पॅकिंगच्या आम्ही बायका ड्युटीवर पाणीच प्यायचो नाही. कमलमावशी तर नव्या पोरींना शिकवायची, "घरी जाईपर्यंत धरून ठेव. आम्ही न्हाय का ठेवत?"

मला परत लघवीला जळजळ सुरू झाली, वर ताप. डॉक्टरीणबाई भडकल्याच. "गोळ्यांनी इन्फेक्शन जाईल. पण पाणी प्यायला नाहीत, लघवी धरून ठेवलीत, तर ते परत येणार."

दुसऱ्या दिवशी मी मावशीसमोर अख्खी बाटली रिकामी केली आणि थेट टेबलाशी गेले.

"साहेब, चावी द्या."

"आत्ता तर शिफ्ट चालू झाली! बार बार चाबी मांगने मत आना, ताई."

"नाही येणार," म्हटलं.

जाऊन आले आणि टेबलावर चावी ठेवली. तिच्या शेजारी कुलूपही ठेवलं.

"ये क्या है?"

"आतून कडी आहे, साहेब. आता चावी मागायला कोणीच येणार नाही."

मागे वळून बघते, तर कमलमावशी बाटली तोंडाला लावून उभी.